हालाव म्हणताना: दुधाचे हिब्रू शब्द मराठी जिभेवर कसे बसवावेत

नागावला माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. वाडीतल्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते आणि जेवण स्वतः रांधते. मागच्या डिसेंबरात तिच्याकडे इस्रायलमधल्या अश्दोदहून एक ज्यू कुटुंब आलं होतं. त्यांच्या पणजीचं माहेर रेवदंड्याचं, ते गाव बघायला आलेली माणसं. ठाण्याच्या नातेवाइकांनी शोहेतच्या, म्हणजे ज्यू धर्मनियमाने जनावर कापणाऱ्याच्या, हातच्या कोंबडीचा रस्सा डब्यातून बरोबर दिला होता. हिने केळीच्या पानांवर भात वाढला, रस्सा त्यांनी आपला आपण घेतला. मग त्यांच्या मुलीने एका पातेल्याकडे बोट करून विचारलं, "झे हालावी?"

हिला वाटलं, पोरीला हलवा हवाय. पातेल्यात गाजरहलवाच होता, दूध आटवून केलेला. हिने मायेने डावभर वाढला, नेमका रश्श्याला लागून. मुलीने हात मागे घेतला आणि पान तसंच राहिलं.

रात्री नऊला मला फोन. "बाई, माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मुलगी विचारत होती, "हे दुधाचं आहे का?" धर्म पाळणारे ज्यू मांस आणि दूध एकत्र खात नाहीत. तो एक शब्द कानाला ओळखीचा असता तर दोघींचं जेवण गोड झालं असतं. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. अलिबागच्या इस्रायल आळीत वाढले, चौतीस वर्षं मराठी शाळेत मुलांचे उच्चार घासूनपुसून घेतले. हे शब्द मराठीत कुणीतरी नीट मांडून ठेवायला हवेत, आणि आता आळीत आमची घरं बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, तेव्हा ते मीच करते.

सुरुवात तीन अक्षरांपासून करा: हेत, लामेद, बेत. हिब्रूत ही तीन व्यंजनं लिहिली की 'दूध' होतं. तीच तीन, त्याच क्रमाने लिहिली की 'चरबी'ही होते. तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ. त्याच्या गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात, वाचणाऱ्याने स्वर आपल्या तोंडातून घालायचे असतात. मराठीत समजा काना, मात्रा, वेलांटी काही नाही, नुसतं 'क' आणि 'ळ' लिहिलंय. ते केळ, काळ, कळ की कोळ, हे ज्याने गुरूकडून ऐकलंय त्यालाच कळेल. तसंच हे.

दूध म्हणजे हालाव. चरबी म्हणजे हेलेव. शुद्ध जनावराचं, म्हणजे रवंथ करणाऱ्या आणि दुभंगलेल्या खुरांच्या जनावराचं, हालाव खायला मोकळं आहे. हेलेव म्हणजे बैल, मेंढी, बकरी यांच्या गुर्द्यांवरची आणि पोटातली ठरावीक चरबी. तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात ती स्पष्ट शब्दांत मना केली आहे. एक चालतं, एक चालत नाही, आणि दोघांमध्ये अंतर फक्त स्वरांचं. म्हणून मी उच्चारावर एवढा जोर देते. इथे काना चुकला तर अर्थ उलटा होतो.

तिसरं रूपही लक्षात ठेवा: हलेव. 'अमक्याचं दूध' असं म्हणायचं असेल तेव्हा हिब्रूत हालावचं हलेव होतं, जसं आपल्याकडे 'घोडा'चं 'घोड्या' होऊन मग पुढे 'चा' लागतो. दूध आणि मांस वेगळं ठेवण्याचा सगळा नियम ज्या वाक्यावर उभा आहे, त्यात हेच रूप आहे:

लो तेवाश्शेल गेदी बाहलेव इम्मो.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको. 'गेदी' म्हणजे करडू. ते 'गादी' किंवा 'गधी' होऊ देऊ नका. 'गे' अगदी आखूड, भार 'दी'वर. 'तेवाश्शेल'मधला श आणि 'इम्मो'मधला म दोन्ही जोडाक्षरं आहेत. 'अम्मा' म्हणताना ओठ जेवढा वेळ मिटलेले राहतात, तेवढेच 'इम्मो' म्हणताना राहू द्या. हे वाक्य तोरात तीन वेळा येतं: निर्गम २३:१९, निर्गम ३४:२६ आणि अनुवाद १४:२१. तल्मूद म्हणजे तोराच्या नियमांवरच्या चर्चेचा जुना ग्रंथ. त्याच्या पंडितांनी या वाक्यातून तीन मनाया काढल्या. मांस दुधात शिजवायचं नाही, ते खायचं नाही, आणि त्यापासून कसलाही फायदा घ्यायचा नाही.

आता गंमत बघा. सान्हेद्रिन नावाच्या तल्मूदच्या भागात प्रश्न येतो: अक्षरं तीच आहेत, मग 'बाहलेव', म्हणजे दुधात, असं न वाचता 'बेहेलेव', म्हणजे चरबीत, असं का वाचू नये? एक उत्तर असं दिलंय: येश एम लामिक्रा. शब्दशः अर्थ, 'वाचनाला आई आहे.' तोंडातोंडी जसं वाचत आलो, त्या वाचनाला स्वतःचा आधार आहे. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा नोकरीत वीसेक वर्षं झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गात प्रकट वाचन घेताना माझा आवाज वेगळाच लागला.

तर आता जीभ कामाला लावू.

'हालाव'मधला ह. हेत या अक्षराचा ध्वनी आपल्या साध्या 'ह'पेक्षा खोल आहे. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर वाफ सोडतो तेव्हा 'हाऽ' असा आवाज येतो. तो थोडा घशाकडे ओढा. येमेन आणि इराककडचे जुने लोक हेत तसा म्हणतात. आजच्या इस्रायलमध्ये बहुतेक लोक तो घासून म्हणतात, उर्दू बोलणारा 'ख़बर' म्हणतो तसा. म्हणून अश्दोदची मुलगी 'हालावी' म्हणते आहे की 'ख़ालावी', याचा गोंधळ होऊ देऊ नका, एकच आहे. मात्र आपला मराठी 'ख', 'खोबरं'तला, इथे वापरू नका. त्यात घसा बंद होऊन उघडतो आणि हिब्रू कानाला तो भलताच लागतो. घासता येत नसेल तर सरळ 'ह' म्हणा. आमच्या कोकणच्या बेने इस्रायलांनी शतकानुशतकं हेच केलं. मुंबईतलं आमचं सगळ्यात जुनं प्रार्थनास्थळ १७९६ सालचं, शाअर हाराहामीम. त्या 'राहामीम'मधला 'हा' हेतच आहे.

मग ल. हिब्रूत ळ नाही. नागावच्या त्या घरात सासूबाईंनी आतून 'हळवी' ऐकलं आणि त्यांना वाटलं पाहुणे भाताचं विचारताहेत, हळवं की गरवं. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकवा, मागे वळवू नका.

शेवटचा 'व' मराठी माणसाला सगळ्यात अवघड जातो आणि आपल्याला ते कळतही नाही. आपण 'गाव', 'नाव', 'भाव' म्हणतो तेव्हा शेवटचा व अर्धवट 'ऊ' होतो, ओठ नुसते गोल होतात. 'हालाव'ला ते चालत नाही. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून हवा सोडा, इंग्रजीतलं 'व्ही' अक्षर म्हणताना टेकतो तसा. आरशासमोर उभं राहून दहा वेळा 'गाव, हालाव, गाव, हालाव' म्हणा, फरक दिसेल.

आणि माझी आजी तर 'हालाब' म्हणायची. तीही चुकत नव्हती. बेत या अक्षरात टिंब असलं की ब, नसलं की व, असा आजचा नियम आहे. पण आमच्या जुन्या वाचनात दोन्हीकडे ब यायचा. म्हणून तर एलिया संदेष्ट्याला आम्ही 'एलियाहू हन्नाबी' म्हणतो आणि इस्रायलमध्ये आमचीच नातवंडं 'हानावी' म्हणतात. अलिबागच्या आमच्या सिनेगॉगचं नाव 'मागेन आबोथ', तिकडे तेच 'आवोत' होईल. अरबीत दुधाला 'हलीब' म्हणतात, तिथेही ब आहे. घरातलं म्हातारं माणूस 'हालाब' म्हणत असेल तर त्याला सुधारू नका. पाहुण्यांशी बोलताना मात्र व ठेवा.

भार दुसऱ्या 'ला'वर: हा-लाव्. 'हेलेव'चा भार मात्र पहिल्या 'हे'वर. कानाने फरक ओळखायला ही खूण सगळ्यात सोपी.

युरोपातून आलेले अश्केनाझी लोक याच शब्दाला 'ख़ोलोव' म्हणतात, पहिल्या अक्षरावर भार देऊन. ते जिथे 'ओ' म्हणतात तिथे आम्ही 'आ' म्हणतो. 'कोशेर', म्हणजे धर्मनियमाने खायला चालणारं, हा शब्द जगभर त्यांच्या उच्चाराने पोचला, आमच्या उच्चाराने तो 'काशेर'. कोशेर पाळण्याच्या नियमांना त्यांचं 'काश्रूस', इस्रायलचं 'काश्रूत', आमच्या जुन्या लोकांचं 'काश्रूथ'. तिन्ही एकच. न्यूयॉर्कचा पाहुणा 'ख़ोलोव यिस्रोएल' म्हणाला आणि इस्रायलमधल्या लोदचा 'हालाव यिस्राएल' म्हणाला, तर दोघांना एकच दूध हवं आहे.

ते कोणतं, हे इथे समजून घ्या, कारण नाव फसवं आहे. 'हालाव यिस्राएल' म्हणजे इस्रायल देशातून आलेलं दूध नव्हे. दूध काढताना ज्यूची नजर होती, असं दूध. तल्मूदचा पाया असलेल्या मिश्नाच्या 'आवोदा झारा' या भागातल्या दुसऱ्या अध्यायात हा नियम आहे. शुद्ध दुधात अशुद्ध जनावराचं दूध मिसळलं जाईल, ही भीती त्यामागे आहे. उंट, गाढव, डुक्कर ही अशुद्ध. उंट रवंथ करतो पण त्याचे खूर दुभंगलेले नाहीत, म्हणून तो गेला. कोकणच्या गोठ्यात गाय, म्हैस, बकरी. उंट दिसलाच तर किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवताना.

तल्मूद म्हणतं, ज्यूने प्रत्येक धार बघायची गरज नाही. कळपाच्या कडेला बसलेला असला, उठला तर दिसेल अशा जागी, तरी पुरे. हे वाचलं आणि मला माझी आजी दिसली. पहाटे पितळेचा तांब्या घेऊन ती पलीकडच्या आळीतल्या म्हशीच्या गोठ्याशी जायची, दाराबाहेरच्या दगडावर बसायची आणि गवळणीच्या सुनेची चौकशी करत राहायची. आत डोकावायचीसुद्धा नाही. मला वाटायचं, आजीला गप्पांची हौस. तिला तल्मूदचं नाव ठाऊक असेल असं वाटत नाही, पण बसायची जागा बरोबर ठाऊक होती.

ज्यूच्या नजरेविना काढलेल्या दुधाला जुन्या ग्रंथांत 'हालाव आकूम' म्हटलंय. 'आकूम' हा आद्याक्षरांचा शब्द आहे, अर्थ ग्रह-तारे पूजणारे. मी हा शब्द वापरत नाही. ज्या शेजाऱ्यांनी आम्हाला पिढ्यान् पिढ्या दूध घातलं, त्यांच्या तोंडावर हा शब्द टाकायला माझी जीभ वळत नाही. 'हालाव स्ताम' म्हणा, म्हणजे साधं, विशेष देखरेख नसलेलं दूध. 'स्ताम'च्या आधी 'इ' लावू नका आणि मध्ये 'अ' घालून 'सताम' करू नका. 'स्तर' म्हणतो तसा स आणि त एकत्र. अमेरिकेतले मोठे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६) यांनी सांगितलं की जिथे सरकारी तपासणी आहे आणि भेसळ केली तर दंड आहे, तिथे कंपनीच्या दुधाबद्दलची ती खात्री डोळ्यांनी पाहिल्यासारखीच धरता येते. म्हणून तिकडचे पुष्कळ कोशेर पाळणारे लोक दुकानातलं साधं दूध घेतात आणि बरेच जण घेत नाहीत. तुमच्या पाहुण्याला काय चालतं ते त्यालाच विचारा, त्याच्या वतीने तुम्ही ठरवू नका.

व्याकरण बघणाऱ्यांसाठी: नियमाने इथे 'हलेव यिस्राएल' व्हायला हवं, करडाच्या वाक्यात झालं तसं. पण लोकांच्या तोंडी 'हालाव'च बसलं आहे, तुम्हीही तसंच म्हणा.

आता स्वयंपाकघर. दुधाचं ते हालावी, मांसाचं ते बेसारी, दोन्ही नाही ते पार्वे. यिद्दिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंची बोली, बोलणारे पहिल्या दोघांना मिल्खिक आणि फ्लेशिक म्हणतात. 'बेसारी'तला 'बे' जवळजवळ गिळायचा: ब्सारी. मांस म्हणजे बासार, आणि मांस-दूध एकत्र येण्याला 'बासार बेहालाव' म्हणतात. चीजला 'ग्विना', लोण्याला 'हेम्आ'. 'म्'नंतर क्षणभर थांबून 'आ'.

मांसानंतर दूध घ्यायला किती थांबायचं, याच्या रिती वेगवेगळ्या. पुष्कळ ठिकाणी सहा तास, जर्मन घराण्यांत तीन, डचांमध्ये एक. आमच्याकडे शनिवारी दुपारी मटण झालं की संध्याकाळचा चहा कोरा, गवती चहाची पात घालून. लहानपणी मला तोच जास्त आवडायचा.

'पार्वे'बद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कोकणी घरात सगळ्यात उपयोगाचा शब्द हाच. उच्चार पार्-वे, भार 'पार'वर, मध्ये 'अ' आणला तर पारवे होतात आणि ते छपरावर बसतात. तांदूळ, भाजी, फळं, अंडी, तेल हे सगळं पार्वे. मासेही. काही घरांत मासे आणि दूधही एकत्र करत नाहीत, तेव्हा सुरमईशेजारी दही ठेवण्याआधी विचारा. आमचे पूर्वज या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून आम्हाला 'शनवार तेली' म्हणत. मटणाच्या पुलावात आमच्याकडे तूप पडत नाही, तेलच पडतं. मटणाला दही लावत नाहीत. ती मऊ, पांढरी चव आम्ही नारळाच्या रसातून आणली. एलियाहू हन्नाबीच्या नवसाचा मलिदा, म्हणजे पोहे, खोबरं, साखर, वेलची, फळं, तोही पार्वे. म्हणून तो मटणाच्या जेवणाआधी खाल्ला, नंतर खाल्ला, तरी अडत नाही.

आणि 'चीक' या शब्दाला जपा. व्यालेल्या म्हशीचा चीक, त्याचा खरवस होतो, तो हालावी. गहू भिजवून, वाटून काढलेला चीक, त्याचा आम्ही नव्या वर्षाच्या सणाला हलवा करतो, नारळाच्या रसात घोटून, तो पार्वे. पाहुण्याला नुसतं "चिकाचं आहे" म्हणालात तर त्याला काही कळणार नाही. कशाचा चीक ते सांगा.

नारळाचा रस दिसतो दुधासारखा, त्यामुळे एक अडचण येते. क्राकूचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी सोळाव्या शतकात बदामाच्या दुधाबद्दल लिहून ठेवलंय: त्यात मांस शिजवलं तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याला गैरसमज होणार नाही. या काळजीला 'मारित आयिन' म्हणतात, डोळ्यांना जे दिसतं त्याची काळजी. माझी आजी मटणाच्या पातेल्याशेजारी खवलेली करवंटी ठेवायची. तुम्हीही ठेवा. भाषा न येणाऱ्या पाहुण्याला करवंटी सगळं सांगते.

पाकिटांवरच्या खुणांबद्दल दोनच गोष्टी. कोशेरच्या खुणेपुढे 'डी' असेल तर पदार्थ दुधाचा. 'पी' असेल तर तो पार्वे नव्हे, ती पेसाह सणाला चालत असल्याची खूण. यात भले भले चुकतात. काही इस्रायली चॉकलेटांवर 'आव्कात हालाव नोख़्री' लिहिलेलं असतं, म्हणजे ज्यूंच्या देखरेखीबाहेरच्या दुधाची भुकटी. काहींना ती चालते, काहींना नाही.

पाहुणा विचारील: "झे हालावी?" हा 'झे' म्हणताना 'जाळं'मधला ज आठवा, 'जीव'मधला नको. दूध, दही, तूप, खवा, पनीर यांतलं काहीही असेल तर उत्तर "केन, हालावी." नसेल तर "लो, पार्वे." 'केन' म्हणजे हो, 'लो' म्हणजे नाही. उत्तर ठाऊक नसेल तर मान हलवू नका, स्वयंपाकघरात जाऊन विचारून या.

माझ्या विद्यार्थिनीने हे तीन शब्द खडूने ओट्यावरच्या फळीवर लिहिलेत: हालावी, बेसारी, पार्वे. परवा तिने विचारलं, "बाई, सोलकढी कुठे लिहू?" मी म्हटलं, आमसूल आणि नारळाचा रस, पार्वेखाली लिही. मग आठवलं, काही खानावळींत ती दाट दिसावी म्हणून ताक किंवा दूध घालतात. तिला सांगितलं, घरची असेल तर पार्वे. बाहेरून मागवलीस तर आधी फोन करून विचार, आणि उत्तर येईपर्यंत पानाजवळ वाटी ठेवू नकोस.